पाच किडे

शेषेराव सरांना रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती आणि इतक्या वर्षांत त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. म्हणजे गुडघे कसे आहेत ते विचारत, सोयाबीनचा भाव काय निघाला ते विचारत; पण ज्या प्राणिशास्त्रावर त्यांनी कॉलेजात अख्खा जन्म काढला, त्यातलं एक अक्षर औशात कुणाला नको होतं. त्यामुळं लातूरहून मंजुश्रीचा फोन आला तेव्हा त्यांना आभाळ ठेंगणं झालं.

"सर, आमच्या घरच्या टाकीत कायतरी जिवंत हाय. समुद्राच्या दगडात राहतंय. ओळखू येईना. तुम्ही येऊन सांगता का?"

सरांनी कडक इस्त्रीचा सदरा अंगात घातला. बसस्टँडवरच्या चहावाल्यापासून कंडक्टरपर्यंत सगळ्यांना कळलं, की सर लातूरला तज्ज्ञ म्हणून चालले आहेत. तज्ज्ञ हा शब्द त्यांचा स्वतःचा.

मंजुश्री त्यांची विद्यार्थिनी, आणि नुसती विद्यार्थिनी नव्हे तर तिच्या बॅचमधली सगळ्यात हुशार. तिला एम.एस्सी. करायची होती. पण बी.एस्सी.चा निकाल आणि लग्नाची पत्रिका एकाच महिन्यात हातात आली, आणि ती लातूरच्या एका लिंगायत व्यापाऱ्याच्या घरात सून म्हणून गेली. नवरा रविकिरण भला माणूस. बायकोचा जीव शिक्षणात अडकलाय हे त्याला दिसत होतं, पण आईपुढं बोलायची त्याची प्राज्ञा नव्हती. मग तो हैदराबादला माल घ्यायला गेला असताना एक मोठी काचेची टाकी, समुद्रातले दगड आणि रंगीत मासे घेऊन आला. मंजुश्री फिल्टरच्या पाण्यात मीठ कालवायची, पाण्याची तपासणी करायची, माशांची औषधं शोधायची. तिची प्रयोगशाळा म्हणा, कॉलेज म्हणा, काय होतं ते सगळं त्या टाकीत होतं.

सासूबाई गौरम्मांना ती टाकी पहिल्या दिवसापासून खुपत होती. आठ-आठ दिवस नळ न येणाऱ्या गावात माशांसाठी पाणी घालवायचं, हेच त्यांना पटत नव्हतं. तरी मासे दिसायला गोड होते म्हणून त्यांनी चालवून घेतलं. माशांना घालायच्या गोळ्या कशापासून बनतात हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, ते एक बरंच होतं. पण गेल्या आठवड्यात एक मासा मेला, सकाळपर्यंत त्याचं काही शिल्लक राहिलं नाही, आणि दगडाच्या भोकांतून केसाळ, वळवळणारं काहीतरी बाहेर येताना गौरम्मांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तिथं त्यांचा धीर सुटला.

सर पोचले तेव्हा गौरम्मा नुकत्याच पूजेवरून उठल्या होत्या. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, आणि आवाजात जरब.

"शरणार्थ सर. बसा. पोरगी म्हणून राहिली, सर सांगतील तेच खरं. मी बी म्हणलं, चालतंय. मासे असतील तर राहू द्या. पण किडे असतील तर ज्या घरात लिंगपूजा होते त्या घरात किडे पाळायचे न्हाईत. टाकी आजच जाईल. तुमचा शब्द आखरी."

मंजुश्रीनं सरांकडं पाहिलं. त्या बघण्यात इतका भरवसा होता, की सरांना खुर्चीत सरसावून बसावंसं वाटलं.

तिनं दगडापाशी एक गोळी टाकली. थोड्या वेळानं एका भोकातून एक बारीक, लांब, केसाळ शेपटासारखं काहीतरी बाहेर आलं. तपकिरी, त्यावर नारिंगी पट्टे. मग दुसऱ्या भोकातून दुसरं. बघता बघता पाच झाले आणि गोळीच्या दिशेनं चाचपडू लागले.

आता खरं सांगायचं तर सरांनी आयुष्यात समुद्र एकदाच पाहिला होता, कॉलेजच्या मान्यतेच्या कामाला मुंबईला गेले तेव्हा, आणि तोही बसच्या खिडकीतून. समुद्रातले जीव त्यांना पाठ होते, पण फॉर्मॅलिनच्या बरणीतले: पांढरे पडलेले, न हलणारे, लेबल लावलेले. हे रंगीत, हलणारं प्रकरण कुठल्याच बरणीत बसेना. मला थोडा वेळ दे, बाहेर काढून नीट बघू, एवढं म्हणायला काय हरकत होती? पण तज्ज्ञाला वेळ लागतो हे सरांना मान्य नव्हतं. शिवाय गौरम्मा हात जोडून उभ्या होत्या, आणि असं हात जोडून त्यांच्यासमोर कुणी उभं राहिल्याला जमाना झाला होता.

"केसाळ अळ्या आहेत," सर म्हणाले. "समुद्री किड्यांचाच वर्ग. पाच दिसताहेत, आत पन्नास असतील. वाढत जातात."

मंजुश्रीचा चेहरा उतरला. तरी ती हळूच म्हणाली, "सर, पण पाचच दिसतात कायम. सहावा कधीच न्हाई. आणि एकाला हात लावला की पाची एकदम आत जातात. हे बघा." तिनं काडीनं एकाला स्पर्श केला. पाचही एका क्षणात गायब झाले. "मला वाटून राहिलंय, हे पाच न्हाईत. एकाच जीवाचे हात असतील."

सरांच्या मनात काहीतरी लख्ख चमकलं. अगदी ओळखीचं होतं ते. पण त्यांनी ते दाबलं. दाबलं हे त्यांना त्याच वेळी कळलंही.

"तू हुशार होतीस मंजुश्री," ते हसून म्हणाले, "पण दिसणं वेगळं आणि समजणं वेगळं. दगड गोड्या पाण्यात टाक. सगळे बाहेर येतील."

"सर, खाऱ्या पाण्यात काढून बघू ना आधी. गोड्या पाण्यात ते मरतंय."

"मरायलाच तर पाहिजेत न्हवं," गौरम्मा म्हणाल्या आणि स्वतः बोअरच्या पाण्याची बादली भरून आणली.

दगड बादलीत गेला. आधी काही झालं नाही. मग पाणी ढवळलं, दगडाखालून काहीतरी धडपडत सुटलं आणि तळाशी जाऊन पडलं. मधे रुपयाएवढी गोल चकती. चकतीला पाच हात. त्यातला एक तुटून बाजूला वळवळत होता. बाकीचे चार हळूहळू पसरले आणि तसेच राहिले.

ब्रिटल स्टार. ठिसूळ हातांचा तारा. दरवर्षी पहिल्या प्रॅक्टिकलला सर ज्याची बरणी वर धरून दाखवत, फळ्यावर ज्याची आकृती डोळे मिटून काढत, तोच. कुणाच्या वाटेला न जाणारा, मेलेलं, कुजलेलं खाऊन पाणी स्वच्छ ठेवणारा, हेही त्यांनीच शिकवलेलं. मेला आणि शांत पडला तेव्हा सरांना ओळखू आला. इथून उठावं आणि कुणाला न दिसता औशाची बस गाठावी, एवढंच त्यांना वाटत होतं.

मंजुश्री बादलीपाशी गुडघ्यांवर बसली होती. तिनं दोन्ही हातांनी त्याला उचललं आणि खाऱ्या पाण्याच्या भांड्यात सोडलं. तो हलला नाही. तिनं वर पाहिलं. सरांचा चेहरा बघून तिला सगळं कळलं. तेवढ्यात गौरम्मा पुढं आल्या.

"काय निघालं गं?"

मंजुश्रीनं भांड्यावर ताट झाकलं. "सर म्हणाले तेच, आत्याबाई. किडेच होते." आणि भांडं, बादली दोन्ही उचलून ती मोरीकडं गेली. पाणी ओतल्याचा आवाज आला.

सरांची अब्रू वाचवायला पोरीनं आपली टाकी घालवली, हे समोर घडत असताना ते गप्प बसले. गौरम्मांनी रविकिरणला फोन करून टाकी न्यायला माणूस पाठव म्हणून सांगितलं, तेव्हाही त्यांनी अडवलं नाही. मग गौरम्मा आतून शाल आणि नारळ घेऊन आल्या, सरांच्या कपाळाला विभूती लावली, खांद्यावर शाल घातली. ती शाल अंगावर पडली आणि सरांना ते सोसेना.

"गौरम्मा, मी चुकलो," ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच अनोळखी वाटला. "ते किडे नव्हते. एकच प्राणी होता, निरुपद्रवी. मंजुश्री बरोबर सांगत होती. मला कळलं नाही, आणि कळत नाही म्हणायची मला लाज वाटली. टाकी राहू द्या."

गौरम्मांनी क्षणभर त्यांच्याकडं पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर माया आली.

"सर, मला कळतंय. पोरीचं तोंड बघून तुमचं काळीज हललं. गुरू म्हणजे मायबापच. पण तिच्यासाठी तुम्ही खोटं कशाला बोलता? तिनं स्वतः सांगितलं की."

"मी खरं सांगतोय हो! मंजुश्री, तू सांग!"

मंजुश्री पदराला हात पुसत दारात उभी होती. "राहू द्या, सर," ती म्हणाली. "ते मेलं आता."

"बघा," गौरम्मा म्हणाल्या, "तिलाबी पटलंय."

सर शाल काढायला गेले. गौरम्मांनी ती पुन्हा नीट खांद्यावर बसवली. "लई मोठं मन हाय तुमचं," असं म्हणून त्यांनी सुनेला खूण केली, "सरांच्या पाया पड."

मंजुश्री पुढं आली आणि वाकली. तिचे हात अजून ओले होते. त्या ओल्या हातांचा स्पर्श पायांना झाला तेव्हा शेषेराव सरांना वाटलं, हिनं निदान एकदा मान वर करून आपल्याकडं रागानं बघावं. ती उठली, आणि मान खाली घालून आत निघून गेली.