सात दिवसांचा पहारा

इंजेक्शन देऊन दहा मिनिटं झाली होती आणि दादा अजून फाटकातच उभे होते.

दादांना, म्हणजे विशाखाच्या वडिलांना, बद्रीनाथांना, इन्सुलिन घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत खायलाच लागायचं. नाहीतर साखर घसरून माणूस उभ्या उभ्या कोसळतो, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. विशाखानं सुई टोचली, तव्यावर थालीपीठ थापलं, तेवढ्यात पाळण्यातली प्रेरणा रडली. लेकीला काखोटीला मारून ती बाहेर येते तर दादांनी कपाटातली हवाई दलाची टोपी डोक्यावर चढवलेली. खाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, आणि खांद्याला बंदुकीसारखा लावलेला खराटा.

"दादा, चला. थालीपीठ गार होतंय."

"थम! कौन आता है?"

"मी हाय, विशाखा. तुमची लेक."

"ड्यूटीवर हाय मी, बाई. डोक्यावर टोपी असताना खात नसतात."

शेजारच्या मनकर्णाबाई भिंतीवरून डोकावल्या. "आज परत ड्यूटी लागली व्हय गं? घटकाभर माझ्या दारात धाड की त्यांना. कुत्र्यांनी लई उच्छाद मांडलाय."

एरवी विशाखा हसली असती. आज तिनं घड्याळ बघितलं. पंधरा मिनिटं.

तिनं हळूच टोपीला हात घातला. दादांनी तिचं मनगट असं धरलं की तिला लहानपणी रस्ता ओलांडताना धरलेला हात आठवला. मग तिला वाटलं, वरून हुकूम आला तर ऐकतील. टाचा जुळवून तिनं कडक सलाम ठोकला. "सार्जंट बद्रीनाथ, साहेबांनी नाश्त्याला बोलावलंय!"

दादांच्या भुवया चढल्या. "उघड्या डोक्यानं सलाम? कुठं शिकलीस गं? आन सार्जंट कोन? मी नवा पोरगा हाय. सात दिवसांचा पहारा लागलाय मला."

विशाखाचा हात खाली आला. हे सात दिवस तिला पाठ होते.

पाचोड गावातल्या प्रत्येक लग्नात जेवणं आटोपली की दादांना तो किस्सा सांगायला लावायचे. नोकरीचं पहिलंच वर्ष, दादांची टोपी धुतलेली, वाळलेली नाही, आणि सकाळी परेड. मग मेसमधल्या आचाऱ्याची टोपी मागून आणली. आचाऱ्याचं डोकं कलिंगडाएवढं. ऐन सलामीला टोपी घसरून नाकावर आली, आणि दादांनी साहेबांकडं पाठ करून पाण्याच्या टँकरला कडकडीत सलाम ठोकला! दादा डोक्यावर पातेलं उपडं घालून करून दाखवायचे. पोरं लोळायची. "मंग काय, सात दिवस पहारा!" म्हणून किस्सा संपायचा. त्या सात दिवसांत काय झालं, हे कधी कुणी विचारलं नाही. विशाखानंही नाही.

दादांच्या कपाळावर घाम आला होता. खराट्यावरची बोटं थरथरत होती.

"मंग तुम्ही जेवायला कधी जाता?" तिनं विचारलं.

"दुसरा गडी आल्यावर. टोपी घालून आला पायजे. त्याबिगर जागा सोडता येत नाय."

विशाखानं प्रेरणाला भिंतीवरून मनकर्णाबाईंच्या हातात दिलं आणि आत धावली. पेटीतल्या सगळ्या घड्या विस्कटल्यावर तळाशी दादांची जुनी तिरकी टोपी सापडली. ती अंबाड्यावर कशीबशी दाबून, नाइट गाऊनमध्येच, ती फाटकात येऊन उभी राहिली.

दादांनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग एका बोटानं टोपी उजवीकडं कलती केली.

"आता बरी दिसती." खराटा तिच्या हातात देताना ते जवळ वाकले आणि अगदी हळू बोलले, "येणारा-जाणारा हसतो मला. टँकरवाला म्हणून हाका मारत्यात. तू गावाकडं कळवू नको, बरं का. आईला वाटंल, पोराला हाकलून दिलं."

"नाय कळवत," विशाखा म्हणाली. तिनं खराटा खांद्याला लावला.

उंबऱ्यात दादांनी टोपी काढली, काखेत धरली, आत गेले. खिडकीतून ती बघत होती. पहिला घास, दुसरा. ती जरा हलली की ते ताटावरून अर्धे उठायचे. ती पुन्हा ताठ व्हायची.

भिंतीपलीकडं प्रेरणानं भोकाड पसरलं. "अगं, भूक लागलीय लेकराला. घे की!" मनकर्णाबाई ओरडल्या.

"मावशी, जागा सोडता येत नाय मला."

"अगं बाई, तुला पन लागण झाली का?"

दूध उतरून गाऊन ओला झाला होता. विशाखा खराटा धरून उभी राहिली. कॉलेजला निघालेली दोन पोरं स्कूटी थांबवून तिच्याकडं बघत, हसत निघून गेली. दादांनी दोन थालीपिठं संपवली, वर ते ताक प्यायले.

तोंड पुसून, टोपी घालून ते परत तिच्यासमोर उभे राहिले. थरथर थांबली होती. चेहरा कसा बावीस वर्षांच्या पोरासारखा, गंभीर.

"दादा," ती म्हणाली, "सातवा दिवस झाला. शिक्षा संपली तुमची. आता घरात बसायचं."

त्यांनी बोटं दुमडत मनाशी मोजलं. एकच बोट दुमडलं गेलं.

"खोटं सांगू नको, बाई. आज पहिलाच हाय."

त्यांनी हात पुढं केला. विशाखानं खराटा त्यांच्या हातात दिला आणि ती बाजूला झाली.