चौथा लंगर

माघातला, उन्हाळी धानाचा रोवणा सुरू होता. आरमोरीजवळच्या आमच्या बांधीत बाया वाकून धान लावत होत्या आणि मी धुऱ्यावर, बांधावर उभा राहून त्यांच्याकडे रोपाच्या पेंढ्या फेकत होतो. तेवढ्यात नूतनचा व्हिडिओ फोन आला.

नूतन माझी नात, इंजिनिअर. लाटांवर वीज तयार करणारं एक तरंगतं यंत्र तिच्या कंपनीनं गुजरातकडच्या समुद्रात ठेवलं होतं. ते गंजलं, म्हणून काढायचं काम तिच्याकडे आलं. तिनं स्वतः आखलेलं नवं यंत्र किनाऱ्यावर तयार होतं. पण जुन्याचं सगळं लोखंड तळातून निघाल्याशिवाय नव्याला जागा मिळणार नव्हती. यंत्र ओढून नेलं, त्याला धरून ठेवणाऱ्या चार लंगरांपैकी तीन निघाले. चौथा गाळात रुतला तो रुतलाच.

लंगर उपसायला आणलेल्या क्रेनच्या बार्जचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, म्हणाला, साखळी कापू, लंगर राहू द्या तिथंच. नूतन ऐकेना. पाणी अगदी उतरलेलं असताना तिनं साखळी ताठ बांधायला लावली आणि क्रेन बंद केली. भरती चढेल तसा बार्ज वर उठेल आणि लंगराला हळूहळू उपसेल, हा तिचा हिशेब. रोवण्यात पाय रुतला की हिसका देऊन निघत नाही, चिखलात पाणी शिरू द्यावं लागतं, हे तिनं तांडेलाला सांगितलं. तो हसला, पण भरतीपुरता थांबला.

"मग फोन काऊन केला?" तिचं हे सगळं सांगून झाल्यावर मी विचारलं.

"आता नुसतं पाहत बसायचं हाये, आबाजी. मले एकटीले होत नाई. तू बोलत राह्य."

मी रोपाचं सांगितलं, रानडुकरांचं सांगितलं. मग रोवणाऱ्या बायांतल्या आशाबाईनं लुगड्याला हात पुसून फोन घेतला.

"पोरगी लग्नाले हो म्हनत नाई, अन् लोखंड उपसाले समुद्रात गेली."

"नवरा पोहणारा पाहा, मावशी," नूतन म्हणाली. बाया खळखळून हसल्या.

तेवढ्यात फोनमध्ये ओरडा सुरू झाला. पाणी चढत होतं, पण साखळीनं बार्जचं नाक खाली ओढून धरलं होतं. तांडेल साखळी सोडा म्हणत होता. माणसं तिनं आधीच मागे घेतली होती. नूतनचा चेहरा पांढरा पडला. मी आशाबाईकडून फोन परत घेतला.

"बोल ना, आबाजी."

"तू ठरवलं ना? मग उभी राह्य."

ती तांडेलाकडे वळून म्हणाली, थोडं थांबा.

एकदम बार्जला धक्का बसला. फोन कुठंतरी पडला, नुसतं आभाळ दिसू लागलं. मग माणसांचा कल्ला ऐकू आला. कुणीतरी फोन उचलला तोवर क्रेन सुरू झाली होती आणि गाळातून सुटलेला लंगर पाण्यावर लटकत होता, काळा गाळ टपकवत. बाया चिखलाच्या पायांनी धुऱ्यावर चढून पाहत होत्या. तांडेल टोपी काढून हसत होता.

नूतननं वायरलेस हातात घेतला. तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. तळ मोकळा झाला, ती किनाऱ्यावरच्या माणसांना म्हणाली, नवं यंत्र घेऊन निघा.

आशाबाई तोवर शेजारच्या बांधीतल्या बायांना मोठ्यानं सांगायला लागली होती, आमच्या नूतननं समुद्र कामाला लावला म्हणून.