उतारा

विषबाधा मदत केंद्रात दुपारी दोन ते चार ही वेळ तशी निवांत. डांबराच्या गोळ्या चाखणारी, आजोबांची औषधं चॉकलेट समजून चघळणारी मंडळी तेवढा वेळ झोपलेली असतात. मुंगीनं डबा उघडला होता. शेजारच्या टेबलावर डॉक्टर एका घाबरलेल्या बापाला तिसऱ्यांदा समजावत होते, की खडूचा तुकडा खाल्ल्यानं मुलीला काहीही होणार नाही.

मुंगी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी राग आला की कडकडून चावायची, म्हणून थोरल्या बहिणीनं ठेवलेलं. केंद्रात तिला सगळे सिस्टर म्हणत. वीस वर्षं नर्स म्हणून काम केल्यावर तिनं ही फोनवरची नोकरी धरली होती.

फोन वाजला. तिनं घास खाली ठेवला.

"बोला, मी सिस्टर बोलतेय."

"हॅलो... मी काहीतरी प्यायले हो. चुकून. पाणी समजून."

सहा वर्षं कानावर पडला नसला, तरी हा आवाज मुंगीनं हजारांत ओळखला असता. कथावाचनाला सभागृह भरवणारा ताईचा आवाज. आज तो खरखरत होता, मधेच तुटत होता.

फोन डॉक्टरांकडे द्यावा असं एकदा तिच्या मनात आलं. पण डॉक्टर अजून खडूतच अडकले होते, आणि विष काही कुणासाठी थांबत नाही. तिनं आपला कामाचा आवाज लावला.

"घाबरू नका. किती प्यायलात? किती वेळ झाला?"

"एक मोठा घोट. दुसरा थुंकून टाकला. पाच मिनिटं झाली असतील. पाण्याच्या बाटलीत मीच ओतून ठेवलं होतं, मोठा कॅन उचलवत नाही म्हणून. परवाच डोळ्याचं ऑपरेशन झालंय, सगळं धूसर दिसतं."

"प्यायल्यावर काय झालं?"

"आग झाली. जणू कुणी पेटलेली दोरी घशातून—"

"उपमा नकोत. वास सांगा, वास कसा होता?"

"झोंबणारा," उत्तर आलं. "नळावरचे पांढरे डाग काढतात ना, ते."

मुंगीनं कागदावर 'ॲसिड' लिहिलं आणि डॉक्टरांपुढे सरकवलं. त्यांनी ते वाचलं, बापाला दोन शब्दांत निरोप दिला आणि रुग्णवाहिकेसाठी दुसरा फोन उचलला. पत्ता मुंगीनं ताईला न विचारताच लिहून दिला. डॉक्टरांनी भुवई उंचावली.

"मी मिठाचं पाणी करून घेतलंय," ताई सांगत होती. "ते पिऊन उलटी काढते, म्हणजे सगळं बाहेर—"

"नाही! अजिबात नाही!"

पण पेला तोंडाला लागल्याचा आवाज आलाच.

"ताई! थुंक! थुंक म्हणते ना, आधी थुंक!"

थुंकल्याचा आवाज आला, मग खोकला.

"...मुंगे?"

"हो, मीच. आता नीट ऐक. जे जाताना भाजत गेलंय, ते वर येताना परत भाजेल. उलटी काढायची नाही. साध्या पाण्यानं चुळा भर. मग अगदी दोन छोटे घोट घे, जास्त नाही. दाराची कडी काढून ठेव आणि ताठ बस. आडवी होऊ नकोस."

तिनं सांगितलं तसं ताईनं केलं. खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"याला काही उतारा असेल ना गं?"

"नसतो. धुवायचं, आणि भाजलेलं भरू द्यायचं."

"मुंगे, त्या कथेत मी जे—"

"बोलू नकोस. घसा सुजेल. बोटानं फोनवर टकटक कर. एकदा केलीस की मी समजेन, ठीक आहेस."

टक.

गाडी यायला अकरा मिनिटं लागली. तेवढा वेळ मुंगी बोलत राहिली. कार्यालयातल्या पंख्याबद्दल, थंड झालेल्या डब्याबद्दल, गुडघेदुखीबद्दल, जे सुचेल ते. दर चार वाक्यांनी थांबायची. पलीकडून टक आली की पुढे बोलायची. एकदा टक यायला उशीर झाला, तर ती खुर्चीतून उभीच राहिली.

त्या कथेबद्दल मात्र ती चकार शब्द बोलली नाही.

आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी ती कथा मासिकात छापून आली होती. आजारी आई आणि तिच्या दोन मुली. धाकटी मुलगी गोड बोलून, थेंबाथेंबानं विष चारावं तसं आईला तिच्या आजाराचं सत्य सांगते, आणि आई जगण्याची इच्छाच सोडून देते. नावं बदलली होती, पण धाकटीला नर्स करायला ताई विसरली नव्हती. कथेचं कौतुक झालं, पुढे ती ताईच्या पुस्तकातही आली. दिवसभर लोकांना विषापासून वाचवणाऱ्या मुंगीनं ती वाचली आणि ताईचा फोन घेणं बंद केलं.

पलीकडे दार उघडल्याचा, माणसांच्या बोलण्याचा आवाज आला. "आम्ही घेतो आता यांना," कुणीतरी म्हणालं. फोन बंद झाला, तशी मुंगी टेबलावर डोकं टेकून रडली. डॉक्टरांनी तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला आणि पुढचा फोन स्वतः घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रुग्णालयात गेली. अन्ननलिका भाजली होती, पण भोक पडलं नव्हतं. उलटी झाली असती तर सांगता आलं नसतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. आठवडाभर बोलायला बंदी होती. ताईच्या हातात वही आणि जाड पेन होतं. ती केवढी बारकी झाली होती!

मुंगी स्टूल ओढून बसली. कुणी सुरुवात करायची हे कळेना. शेवटी ताईनंच वहीत मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं: कुणावर तरी ढकलायचं होतं गं. आजारावर ढकलून समाधान होईना.

मुंगीनं ते दोनदा वाचलं.

"आईनंच मला विचारलं होतं," ती म्हणाली. "माझा हात धरून म्हणाली, खरं सांग. ताईला विचारलं तर ती हसून वेळ मारून नेईल आणि बाथरूममध्ये जाऊन रडेल. मी विचारलं हे तिला कळू देऊ नकोस."

ताईनं घाईघाईनं लिहिलं: सहा वर्षं गप्प बसलीस?

"आईला शब्द दिला होता."

मग आज का?

"आज तुला उलटून बोलता येत नाही म्हणून."

ताईला हसू आलं आणि घसा दुखला. एका हातानं घसा धरून ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मुंगीनं पदर पुढे केला. "डोळे चोळायचे नाहीत. ऑपरेशन झालंय."

थोड्या वेळानं ती म्हणाली, "शेवटच्या तीन आठवड्यांत आईनं काय काय केलं, आठव जरा. अबोला धरलेल्या मैत्रिणीला बोलावून घेतलं. कपाट स्वतः आवरलं. रोज दुपारी तुझ्याकडून केस विंचरून घेतले. मरणाची वाट बघणारं माणूस असं वागतं का गं? तिला वेळ किती उरलाय ते कळलं, म्हणून ती तो नीट जगली."

ताईनं लिहिलं: ती कथा पुस्तकातून काढून टाकते.

"राहू दे. कथा चांगली आहे. विषाचं शास्त्र तेवढं चुकलंय."

वाचलीस?

"अकरा वेळा."

ताईनं वही बाजूला ठेवली आणि दोन्ही हातांनी मुंगीचा हात धरला. नर्स तपासायला आली, तेव्हा बहिणी तशाच बसलेल्या होत्या. "आपण कोण यांच्या?" नर्सनं विचारलं. "सिस्टर," मुंगी म्हणाली, आणि नर्सला वाटलं ती हुद्दा सांगतेय.

दहा दिवसांनी ताई मुंगीच्या घरी राहायला आली. दोन महिने मऊ, कोमट खाणं आणि तीन वेळा औषध. आवाज परतला, पण जरा घोगरा होऊनच, आणि ताईला तो मुळीच आवडला नाही. राहायला आल्याच्या चौथ्याच दिवशी दोघींचं पंख्याच्या वेगावरून कडाक्याचं भांडण झालं. मुंगी दार आपटून बाहेर गेली, कोपऱ्यावरच्या दुकानातून पिकलेली केळी घेतली, आणि परत येऊन न बोलता ती वाटीत कुस्करायला बसली.