बसून दाखवतो

खुर्ची मोडली तेव्हा त्याच्या हातात लहान मुलांचा चमचा होता.

ऑपरेशननंतर जेवायचं कसं, याचा सराव चालला होता. दवाखान्यातल्या आहारवाल्या बाईंनी दोघा नवराबायकोला समोर बसवून बजावलं होतं, "पोट कापून लहान करणार आहेत. आत्तापासून चमचा लहान घ्या, वाटी लहान घ्या. जेवताना पाणी नाही. आणि घाई तर अजिबात नाही." सध्या त्याचं नुसत्या पातळ पदार्थांवरच चाललं होतं. बाईंनी आणखी एक सांगितलं होतं. सुरुवातीला सपाट झोपता येणार नाही, खालून उठता येणार नाही, तेव्हा हात असलेली एक दणकट आरामखुर्ची आधीच घरात आणून ठेवा.

ते ऐकून तो बायकोकडे बघून हसला होता. खुर्चीबद्दल त्याला कोण शिकवणार! निम्मं आयुष्य फर्निचरच्या दुकानात गेलेलं. दुसऱ्याच दिवशी त्यानं गोदामातून एक कोरी आरामखुर्ची बांधून घेतली आणि टेम्पोत घालून घरी आणली.

तिच्यात तो पहिल्यांदाच टेकला होता. सूपचा दुसरा चमचा तोंडात गेला आणि खालून कडकन आवाज झाला. काय झालं ते कळायच्या आत तो जमिनीवर होता. सूप छातीवर, खुर्ची शेजारी उलटी, आणि चमचा मुठीत घट्ट.

बायको धावत आली. "अहो! लागलं का?"

"नाही. बसलोय."

"बसलात कुठं, पडलात!"

तिनं हाताला धरून ओढून पाहिलं, बगलेत हात घालून पाहिलं, शेवटी स्टूल आणून पुढ्यात ठेवलं. तो गुडघ्यांवर वळला आणि स्टूल धरून, धापा टाकत टप्प्याटप्प्यानं वर आला. तोवर तिला हसू आवरेना, मग तोही हसला.

"तुमच्यापुढं तिचं काय चालणार बिचारीचं," ती छाती पुसत म्हणाली.

"दुकानात असल्याच खुर्चीवर रोज बसतो मी."

"मग तिकडचा राग हिनं काढला असेल."

पण हसून झाल्यावरही एक गोष्ट त्याच्या मनातून जाईना. पातळ खाऊन खाऊन वजन उतरलं होतं. पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं होतं. दुकानातली कधी मोडली नाही, मग ही आता का मोडावी? आणि खाली पडल्या पडल्या त्याला खुर्चीचं पोट दिसलं होतं. दोन बारीक लाकडी पट्ट्या आणि त्यांवर ठोकलेलं कापड, बस्स. इतकी वर्षं खुर्च्या विकून खुर्चीची खालची बाजू त्यानं कधी पाहिलीच नव्हती. पाहणार कशी? वाकून खाली बघणं त्याला कधी जमलंच नाही.

दुकानात त्याला सगळे पैलवान म्हणत. आयुष्यात कुणाशी कुस्ती खेळला नव्हता, तरी नाव पडलं ते पडलं. त्याचं काम एकच होतं. गिऱ्हाईक यायचं, सोफ्यावर तळहात दाबून बघायचं, तोंड वाकडं करायचं आणि विचारायचं, "टिकेल ना हो?" मालक उत्तर द्यायचे नाहीत. नुसती हाक मारायचे, "पैलवान!" मग तो कोपऱ्यातून डुलत यायचा. "बसून दाखवतो," म्हणायचा, आणि धाडकन बसायचा. हळूच नाही, पोतं टाकावं तसं अंग सोडून द्यायचा. बायका दचकायच्या, पोरं खिदळायची, सोफा जागचा हलायचा नाही. मग तो हात पसरून म्हणायचा, "बोला, माझ्याहून जाड कोण आहे तुमच्या घरात?" माणसं हसायची आणि तसलाच माल गोदामातून घेऊन जायची.

शाळेत बाक त्याला पुरला नाही. बसमध्ये शेजारी कुणी बसायला तयार नसायचं. ज्या अंगानं जन्मभर मान खाली घालायला लावली, ते अंग या दुकानात पहिल्यांदा कामाला आलं होतं. त्याला त्याचा अभिमान होता. बोलून कुणीही फसवेल, पण वजनानं कुणाला कसं फसवणार? आपण एकाही गिऱ्हाइकाशी खोटं बोललो नाही, असं तो छातीवर हात ठेवून सांगायचा.

सकाळी तो दुकानात गेला तेव्हा मालक खुशीत होते. दारातच एक फोटोवाली मुलगी दिवे लावत होती.

"ये ये, पैलवान! आज तुझा सिनेमा," मालक म्हणाले. "सोमवारी तू कापून घ्यायला जाणार. बारीक होऊन आल्यावर तुला बसवून काय उपयोग? म्हणून आजच काढून ठेवतो. दारात मोठा पडदा लावायचा आणि दिवसभर त्यावर तू धाडधाड बसत राहायचं."

"आणि मी?"

"तू आहेसच की! पडद्याशेजारी उभा राहा आणि सांग लोकांना, हा मीच. तुझी नोकरी कुठं जात नाही. फक्त हे तेवढं छान होऊ दे."

नोकरीचीच तर त्याला धास्ती होती. गुडघे गेले होते, श्वास अडकायचा, डॉक्टरांनी स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं, म्हणून तो ऑपरेशनला तयार झाला. पण वजन गेल्यावर दुकानात आपलं काय उरणार, हे त्यानं बायकोलाही विचारलं नव्हतं. मालकांनी विचार करून ठेवला होता. त्याला बरं वाटलं.

मधोमध आरामखुर्ची ठेवली होती. अगदी घरी मोडली तशीच. तो पुढं झाला. फोटोवाली जमिनीवर पालथी पडून खालून कॅमेरा लावत होती.

"काका, थांबा हं, बसू नका. खाली लोखंड दिसतंय. काढता येईल का?"

"कसलं लोखंड?"

"हे काय. आडव्या पट्ट्या आहेत दोन जाडजूड. आणि मधोमध एक जास्तीचा पाय. फार विचित्र दिसतंय."

"वरून घे गं, वरून," मालक घाईनं म्हणाले. "खालून कोण बघायला जातंय?"

तो खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. "उलटी करा जरा," तो म्हणाला.

"अरे, उशीर होतोय..."

"मला वाकता येत नाही मालक. उलटी करा."

झाडलोट करणारी बाई आणि फोटोवाली, दोघींनी मिळून खुर्ची आडवी केली. दोघींनाही ती जड गेली. काळ्या रंगानं रंगवलेल्या लोखंडी पट्ट्या, मोठाले स्क्रू, मधे ठोकलेला पाय. त्यानं नीट पाहून घेतलं. मग तो मागच्या कारखान्यात गेला.

मिस्त्री रंधा मारत होता. दुकानात हे दोघं एकाच वर्षी लागलेले. तेव्हापासून दुपारचा डबा बरोबर. गेले काही दिवस पैलवानाचं पातळ सुरू झाल्यापासून मिस्त्री आपला डबा फळ्यांच्या ढिगामागं जाऊन खायचा. "तुझ्यासमोर घास उतरत नाही रे," म्हणायचा.

"पट्ट्या तू लावतोस?"

रंधा थांबला. "कसल्या?"

"मिस्त्री."

मिस्त्रीनं कानावरची पेन्सिल काढली, बघितली, परत कानावर ठेवली. "मालकांनी सांगितलं होतं. तू नवा होतास, एक सोफा तुझ्याखाली चरकला, आठवतंय? गिऱ्हाईक उठून गेलं. तेव्हापासून."

"सगळ्यांना लावतोस?"

"तू बसतोस तेवढ्यांना."

"आणि विकतो ते?"

"विकतो ते विकतो."

भुसा हवेत तरंगत होता.

"माझ्याबरोबर जेवतोस रे तू."

"मनात यायचं सांगावं. शप्पथ यायचं. पण तुला कळल्यावर तू तसा बसला असतास का? तुझ्या पोटात काही राहत नाही, लगेच तोंडावर दिसतं. गिऱ्हाईक सोफ्याकडं बघत नव्हतं पैलवान, तुझ्या तोंडाकडं बघत होतं."

"परवा मी खुर्ची नेली. तूच सुतळी बांधून दिलीस."

"मी म्हणालो होतो, शोरूममधली ने. म्हणालो का नाही?"

"म्हणालास. मी म्हटलं, कोरी बरी."

"मग मी काय करणार?"

"काल मोडली. काल माझं पोट शिवलेलं नव्हतं म्हणून निभावलं. आठवड्यानं मोडली असती तर?"

मिस्त्री रंध्यातला भुसा बोटानं काढत राहिला.

"चिमणीचा पलंग पण गोदामातलाच?"

मिस्त्रीनं मान वर केली नाही. "लग्नाचा म्हणून पॉलिश दोनदा मारलं होतं मी त्याला," तो म्हणाला.

चिमणी त्याची धाकटी बहीण. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून चिमणी. पुढं तीही भावासारखीच भरली, पण नाव तेच राहिलं. तिच्या लग्नात त्यानं मोठ्या हौसेनं पलंग दिला होता. शोरूममध्ये सगळ्यांदेखत त्यावर धाडकन बसून दाखवला आणि तसलाच गोदामातून पाठवला. लग्नाला महिना झाला नसेल, एका सकाळी तो मधोमध मोडला. सासर हसून लोळलं. सासू विचारायची, "सूनबाई, करत काय होता गं तुम्ही?" आल्यागेल्याला किस्सा ऐकवला जायचा. त्याला बोलावून घेतलं तेव्हा चिमणी दाराआड उभी होती. आत्ता दादा काहीतरी बोलेल, या आशेनं त्याच्याकडे बघत होती. आणि तो काय बोलला? मालाची बाजू घेऊन, चारचौघांत, हसत हसत बोलला, "मी बसून दाखवलेला पलंग मोडत नाही. आमच्या चिमणीनं उड्याच मारल्या असतील!"

घर पुन्हा हसलं. चिमणी आत निघून गेली. तेव्हापासून ती खाली गादीवर झोपते. पाठदुखीचं कारण सांगते.

तो शोरूममध्ये परत आला. खुर्ची सरळ करून ठेवली होती, दिवे लागले होते. एक जोडपं दारातून कौतुकानं बघत होतं.

"चल, चल," मालक म्हणाले. "दोन मिनिटांचं काम. नेहमीसारखा बस, दणक्यात."

"गोदामातली आणा. तिच्यावर बसतो."

"अरे, हीच बरी दिसते."

"ती पण अशीच दिसते, मालक. आणा. बसून दाखवतो."

मालकांनी जोडप्याकडं बघितलं, आवाज खाली केला. "वेड लागलं का? मोडेल ना ती!"

"मोडेल म्हणजे?" फोटोवालीनं विचारलं.

मालक जवळ आले आणि त्याच्या दंडाला धरून हसऱ्या तोंडानं पुटपुटले, "सोमवारनंतरचा विचार कर. तुझ्या हाडांना इथं कोण विचारणार आहे? हे करून ठेव, जन्माची सोय होईल."

त्यानं दंड सोडवून घेतला. मग दारातल्या जोडप्याकडं वळून म्हणाला, "घेणार असाल तर आधी उलटी करून बघा."

एवढंच बोलून तो बाहेर पडला.

चिमणीचं घर फार लांब नव्हतं, पण त्याला दोनदा थांबावं लागलं. ती दारातच बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"दादा? या वेळी? आणि तोंड असं का? ऑपरेशन पुढं गेलं का?"

"नाही. सोमवारीच."

"मग पेटीवर बस. थांब, पुसते." त्याच्यासाठी तिच्याकडं एक जुनी लोखंडी पेटी होती. तो आला की त्यावरच बसायचा. आज मात्र तो भिंतीला धरून खाली बसू लागला.

"अरे अरे, खाली कुठं बसतोस? उठवणार कोण तुला?"

"बघू मग."

तो जमिनीवर टेकला. दम खाल्ला. आणि तिच्याकडं न बघता त्यानं सगळं सांगितलं. कालची खुर्ची, फोटोवाली, पट्ट्या, मिस्त्री. शेवटी पलंगाशी आला आणि थांबला.

"तुझ्या पलंगाला नव्हत्या," तो म्हणाला. "माझ्याखालच्याला होत्या."

चिमणीच्या हातातली घडी अर्धीच राहिली. ती म्हणाली, "म्हणजे कुणीही बसलं असतं तरी मोडला असता."

"हो."

"म्हणजे मी नाही मोडला."

"नाही."

तिनं घडी पूर्ण केली, गुडघ्यावर ठेवली, वरून हात फिरवला. "सासूबाई गेल्या," ती म्हणाली. "आता सांगू कुणाला?"

खिशात काहीतरी टोचत होतं म्हणून त्यानं काढलं, तर तो चमचा. सकाळी बायकोनं घातला असावा. तो त्यानं जमिनीवर ठेवला.

"मला म्हणायला हवं होतं तेव्हा," तो म्हणाला, "की आमच्या चिमणीचा काही दोष नाही. पलंगाचं काही का असेना."

"हवं होतं," चिमणी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण तिनं ते परत एकदा म्हटलं. "हवं होतं, दादा."

पाय दुमडून बसणं त्याला सोसत नव्हतं. तो उगाच इकडं तिकडं सरकत होता. चिमणीनं थोडा वेळ ते बघितलं. मग मागं हात लांबवून भिंतीशी गुंडाळलेली आपली गादी ओढली, उलगडली आणि तिचं टोक त्याच्याकडं सरकवलं.

त्यानं आधी तळहात दाबून पाहिलं, गिऱ्हाईक पाहतं तसं. मग हळूच, अगदी हळूच, तो गादीवर टेकला.