मधला ठिपका

आत्याचं लग्न करार वाचता वाचता राहून गेलं, असं घरात सगळे म्हणत आणि ती स्वतःही म्हणे. "स्थळं येत होती गं, पण एकाचीही हमीची मुदत मला पटली नाही," असं सांगून आधी तीच हसायची. शीतगृहांची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत, कायदा विभागात, ती करार तपासायची. विक्रीवाले गिऱ्हाइकाला काहीबाही कबूल करून येत आणि सही व्हायच्या आत तो कागद आत्याच्या टेबलावर येई. यंत्र उशिरा पोचलं तर दंड किती, बिघडलं तर दुरुस्ती कोणी करायची, भांडण झालंच तर ते कोणत्या शहराच्या कोर्टात, हे सगळं ती पेन्सिलने खुणा करत बघायची. तिच्या खुर्चीशेजारी दोन स्टुलं असत आणि ती क्वचितच रिकामी दिसत. खालच्या मजल्यावरचे विक्रीवाले आणि वरच्या मजल्यावरचे कायदेवाले यांचं आपसात विळ्याभोपळ्याचं सख्य. पण त्या स्टुलांवर दोघेही येऊन बसत, फक्त एका वेळी नाही.

आत्याच्या भाचीला घरात ठकी म्हणत. तिच्या वडिलांच्या सारख्या बदल्या व्हायच्या, म्हणून ती शाळेत असल्यापासून आत्याकडेच वाढली. आता ती विद्यापीठात पीएच.डी. करत होती. कायद्याचा सल्ला आणि धंद्याचं धोरण यांच्यामध्ये संस्थेतली माणसं कशी गुंतलेली असतात, कोण कोणाला विचारतं, असा काहीसा तिचा विषय होता.

"म्हणजे ऑफिसात कोण कोणाचे कान भरतं ते," आत्या म्हणाली. "एवढ्यासाठी पीएच.डी. कशाला? आमच्या शिपायाला विचार, एका चहात सांगेल."

चेष्टा केली खरी, पण काम आत्यानेच करून दिलं. कायदा विभागात बाहेरच्या माणसाला कोण शिरू देतं? चार कंपन्यांनी ठकीला दारातूनच परत पाठवलं होतं. मग आत्या आपल्या मोठ्या साहेबांकडे गेली आणि त्यांच्याकडून परवानगी काढून आणली. साहेबांची अट एकच होती. संशोधनात जे निघेल ते कंपनीलाही दाखवायचं.

ठकीची पद्धत साधी होती. प्रत्येकाला एकच प्रश्न, 'गेल्या महिन्यात काम अडलं तेव्हा तुम्ही कोणाकडे गेलात?' उत्तरं आली की नावं पुसून तिथे आकडे टाकायचे. प्रत्येक माणसाचा एक ठिपका. जो विचारतो त्याच्यापासून, ज्याला विचारतो त्याच्यापर्यंत एक रेघ. ज्याच्याकडे रेघा जास्त, त्याचा ठिपका मोठा. हे सगळं संगणकात घातलं की ऑफिसचं जाळं समोर उभं राहतं.

ते उभं राहिलं तेव्हा ठकी खुर्चीतून उठलीच. डावीकडे विक्रीवाल्यांचा पुंजका, उजवीकडे कायदेवाल्यांचा, आणि दोघांच्या मधोमध एकच भला मोठा ठिपका. दोन्हीकडच्या रेघा त्याच्यात येऊन मिळत होत्या. तो झाकला तर ऑफिसचे सरळ दोन तुकडे पडत होते. चष्मा नाकावर ठेवूनच झोपणारी, गॅस बंद केला का म्हणून जिन्यावरून परत फिरणारी आपली आत्या, तिच्यावाचून तिथे पान हलत नाही! ठकीला तिचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले.

तिच्या मार्गदर्शक सरांनी चित्र पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हे कंपनीला दाखवू नकोस. ऑफिस लहान आहे. नावं पुसलीस तरी आकारावरून माणूस ओळखू येतो. त्यांना नुसत्या सरासऱ्या दे."

ठकीने मान हलवली, पण ऐकलं नाही. एरवी प्रत्येक तळटीप दोनदा तपासणारी मुलगी ती. पण सरासऱ्यांमध्ये आत्या कुठे दिसणार होती? इतकी वर्षं जिला कोणी साधी शाबासकी दिली नाही, तिची किंमत सगळ्यांना एकदा तरी डोळ्यांनी दिसू दे, एवढीच तिची हौस होती. तिने चित्र ठेवलं. वर मधला ठिपका लाल केला.

सभा साहेबांच्या दालनात झाली. पडद्यावर चित्र आलं आणि खोलीत कुजबुज सुरू झाली. कंपनीत नव्यानेच आलेला धोरणप्रमुख पुढे झुकला.

"हा लाल ठिपका कोण?"

"नाव सांगता येणार नाही," ठकी नियमाप्रमाणे म्हणाली.

तिने सांगायची गरजच नव्हती. टेबलाभोवतीच्या सगळ्या माना एकदम शेवटच्या खुर्चीकडे वळल्या. आत्या लाजली, मग हसली आणि म्हणाली, "बघा! मी नसते तर तुमचे दोन मजले एकमेकांशी बोललेही नसते." सगळे हसले. धोरणप्रमुखही हसला, आणि हसता हसता त्याने काहीतरी लिहून घेतलं.

त्या संध्याकाळी आत्या घरभर गुणगुणत होती.

पुढचं सगळं फार सभ्यपणे झालं. कोणी आवाज चढवला नाही, कोणी आत्याची चूक काढली नाही. चूक नव्हतीच. आधी करारांचे तयार नमुने आले, म्हणजे विक्रीवाल्यांनी फक्त रिकाम्या जागा भरायच्या. मग खालच्या मजल्यावर एक तरुण वकील बसवला. मग आत्याला 'ज्येष्ठ सल्लागार' असं भारदस्त नाव देऊन गच्चीखालच्या खोलीत हलवलं. तिथे कोणी जिना चढून जाईना. शेवटी लवकर निवृत्त होण्याची विनंती करणारं पत्र आलं. त्यात एक वाक्य होतं : 'एकाच व्यक्तीवरचं अवलंबन ही संस्थेसाठी जोखीम असते.'

ते वाक्य ठकीचं होतं. कंपनीला दिलेल्या अहवालाच्या शेवटच्या परिच्छेदातलं. या विषयावर लिहिणारे सगळेच असं लिहितात म्हणून तिनेही लिहिलं होतं, पत्र लिहिताना आपण 'स. न. वि. वि.' लिहितो तसं.

"आत्या, हे माझ्यामुळे झालं," ती रडत म्हणाली.

"गप गं. तू नुसतं चित्र काढलंस. नाक वाकडं असलं तर त्यात आरशाचा काय दोष?" आत्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "आणि बघशील तू. दोन महिन्यांत धावत येतील. ते नमुने कुठवर पुरणार? खरी भानगड आली की बाईच आठवेल."

आत्या घरी बसल्यावर पहिले काही दिवस फोन आले खरे. अमुक फाइल कुठे आहे, कपाटाची दुसरी किल्ली कोणाकडे. आत्या ताठ बसून उत्तरं द्यायची. मग तेही थांबले. आंघोळीला जाताना ती फोन बाथरूमच्या दाराशी ठेवायची, आवाज मोठा करून. ठकीला ते बघवत नसे.

वर्ष सरलं. प्रबंधासाठी दुसरी पाहणी करायची होती. तेच ऑफिस, तोच प्रश्न. बदलानंतर जाळ्याचं काय झालं हे बघायचं होतं. ठकीचा पाय निघत नव्हता, पण सर म्हणाले, "अर्धवट सोडलंस तर पहिलं कामही वाया." तेव्हा ती गेली.

खरं सांगायचं तर तिला एक दुष्ट आशा होती. मधला ठिपका काढलाय, तर आता तिथे भोक असेल. ते भोक ती साऱ्या जगाला दाखवेल.

भोक नव्हतं. दोन पुंजक्यांच्या मध्ये आता बारीक बारीक रेघा होत्या, पुष्कळ. लोक थेट एकमेकांनाच विचारत होते. करार पूर्वीपेक्षा लवकर सुटत होते, वाद कमी झाले होते. स्टुलावर सगळ्यात जास्त बसणारा विक्रीतला थोरला, तोही नव्या वकिलाचं नाव लिहून मोकळा झाला होता. "बाई बऱ्या आहेत ना? नमस्कार सांगा हं," असं तो मनापासून म्हणाला आणि वाजणाऱ्या फोनकडे वळला. सर तर खूश झाले. कोणावाचून कोणाचं अडत नाही, हे सगळे बोलतात. ठकीने ते सिद्ध केलं होतं.

घरी आल्यावर आत्याने आधी चहा दिला. मग विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं, "काय म्हणतंय ऑफिस? चालतंय का माझ्यावाचून?"

ठकीने कप खाली ठेवला.

"कसलं चालतंय! जागोजागी अडलंय," ती म्हणाली. आणि बोलून गेल्यावर खोटं तिथेच सोडता येईना. "एक करार तर महिनाभर पडून आहे. गिऱ्हाइक म्हणतं, यंत्र बसवल्यापासून हमी धरा. आपले म्हणतात, पोचल्यापासून."

आत्याचा चेहराच बदलला. गेल्या वर्षभरात तो असा दिसला नव्हता.

"अगं, यात अडण्यासारखं काय आहे? नुसतं 'बसवल्यापासून' लिहिलं तर गिऱ्हाइक यंत्र गोदामात ठेवून देईल. म्हणून बसवल्यापासूनच लिहा, पण पोचल्यावर सहा महिन्यांत बसवलं नाही तर पोचल्यापासून धरा. दोघांचंही समाधान. कोणी विचारलं? थोरल्याने ना?"

"हो."

"वाटलंच मला. लाजत असेल फोन करायला. सांग त्याला."

"सांगते."

तेव्हापासून ठकीला एक नवाच उद्योग लागला. आठवड्याला एक तरी अडचण घरी न्यायची. प्रबंध बाजूला ठेवून ती ग्रंथालयात जुन्या खटल्यांचे निकाल चाळायची, त्यातलं एखादं भांडण उचलायची, नावं बदलायची आणि संध्याकाळी आत्यापुढे मांडायची. आत्या आता सकाळीच वेणी घालून बसू लागली. जेवण धड जाऊ लागलं. "मागच्या वेळचं झालं का मार्गी?" असं ती विचारायची आणि ठकी सांगायची, "झालं. तुला धन्यवाद सांगितलेत." खोट्याला पाय नसतात म्हणतात. या खोट्याला ठकी रोज कडेवर घेऊन चालत होती.

एकदा ती एक फारच छान भांडण घेऊन आली. माल जहाजाने निघालेला, वाटेत वादळ, यंत्रं समुद्रात. आत्या ऐकत राहिली.

"आपला माल जहाजाने कधीपासून जायला लागला?" तिने विचारलं.

"आता जातो. नवीनच सुरू झालंय."

"कोणत्या देशात?"

ठकीला देश सुचला नाही.

आत्याने चष्मा काढला आणि पदराने पुसत बसली. तो स्वच्छच होता.

"कोणीच विचारलं नाही ना गं?"

ठकीने मान खाली घातली.

"पहिल्यापासूनच?"

"पहिल्यापासून."

"आणि अडलंही नाही कुठे?"

तिच्यासमोर आता खोटं बोलणं शक्यच नव्हतं. "नाही, आत्या. कुठेच नाही. पहिल्यापेक्षा बरं चाललंय."

आत्याला रडू फुटलं. आवाज न करता, खांदे हलवत, लहान मूल कोपऱ्यात जाऊन रडतं तसं. ठकी तिच्यापाशी जाऊन बसली. तिने आत्याचा हात धरून ठेवला. शेजारच्या घरात कोणीतरी भांडी लावत होतं.

बऱ्याच वेळाने आत्याने डोळे पुसले.

"प्रबंधात खरं लिहिलंस ना?"

"हो."

"मला वाईट वाटेल म्हणून तिथे काही बदललं नाहीस ना?"

"नाही."

"मग हरकत नाही. तिथे खरंच लिहायचं." तिने चष्मा लावला, नाक पुसलं, खुर्ची ठकीच्या बाजूला वळवली. मग घसा साफ करून म्हणाली, "हं, सांग पुढे. माल बुडाला. तेव्हा गिऱ्हाइकाने सही केली होती, का नव्हती?"