निंबर्ग्याच्या विहिरीवरची मोट

मित्रांनो, मी कातड्याची एक जुनी मोट आहे. विहिरीतून पाणी उपसायची मोठी पिशवीच म्हणा ना! आपल्या भागात निजामाचं राज्य होतं तेव्हा निंबर्ग्याच्या सिद्धरामनं बाभळीच्या सालीत म्हशीचं कातडं कमावलं आणि मला शिवलं. "फाटू नको गं बाई," म्हणत त्यानं मला तेल चोळलं.

मी गुंडेरावांच्या मळ्यात आले. बैल उतारावरून चालू लागले की मी भरून वर येई आणि भसाभसा पाणी पाटात ओती. गुंडेराव कौतुकानं म्हणत, "मोट न्हाई, दुभती म्हैस हाय ही!"

मग एका साली पाऊसच आला नाही. गावातल्या विहिरी एकेक करून आटल्या. आमच्या विहिरीत तेवढा झरा होता, तोही बारीक. पण गुंडेरावांनी ऊस लावलेला. ते मला दिवसभर चालवत. मी तळाला टेकून अर्धी रिकामी वर येई, अर्ध्यात गाळ असे. मला फार वाईट वाटे, पण मी काय बोलणार?

एके सकाळी धनगराची कोंडाबाई मेंढरं घेऊन आली. तिच्या पदरात एक कोकरू निपचित पडलं होतं.

"अण्णा, थोडं पाणी सोडा."

"कामून आलीस? माझाच ऊस वाळायलाय!"

ती माघारी वळली. तेवढ्यात गुंडेरावांच्या कारभारीण चंद्रभागाबाई पुढे आल्या. "कोंडाबाई, थांब," असं म्हणून त्यांनी मला उसाच्या पाटावरून ओढलं आणि माझं पाणी जनावरांच्या दगडी डोणीत वळवलं.

"अवो, ऊस पुढच्या साली बी लावता येईल. ह्या कोकराला पुढच्या सालापर्यंत थांब म्हणता येईल का?"

गुंडेराव रागानं विहिरीशी गेले. आत वाकून बघितलं. मग म्हणाले, "व्हय. झराच मरायलाय."

त्या दिवसापासून आधी माणसं, मग जनावरं, उरलं तर ज्वारी असं ठरलं. ऊस डोळ्यांदेखत वाळला. गुंडेराव दोन घास कमी जेवले.

उन्हाळ्यात सगळ्या गावानं मिळून विहिरीतला गाळ काढला. पुढं पाऊस झाला. तेव्हा कोंडाबाईनं न बोलावता आपली मेंढरं गुंडेरावांच्या रानात बसवली. त्या लेंडीखतावर अशी ज्वारी आली, की चंद्रभागाबाई तिच्या उंच ताटांत दिसेनाशा झाल्या!

आता विहिरीवर लोखंडी रहाट बसलाय. मी गोठ्यात खुंटीला लटकते. शिवण उसवली, उंदरांनी कडा खाल्ल्या. त्याचं दुःख नाही. पण रहाट पाणी झपाझप ओढतो आणि झरा मात्र आपल्याच चालीनं भरतो, याची काळजी वाटते.

मित्रांनो, विहिरीवर गेलात की आधी आत वाकून बघा. मग पाणी ओढा.