मजुरीचा रकाना

शाळेत नववी-दहावीला पैशाचे व्यवहार शिकवायचा विषय नवा आला, तेव्हा तो घ्यायला कोणी तयार होईना. भूगोलाचे सर म्हणाले, आमच्याच खिशाला भोक, आम्ही काय शिकवणार. शेवटी तो अर्थशास्त्राच्या बाईंच्या गळ्यात पडला, आणि बाईंनी तो गळ्यातल्या दागिन्यासारखा मिरवला.

मुलं त्यांना पाठीमागे 'चक्रवाढ बाई' म्हणत. कुठलाही विषय निघाला तरी बाईंची गाडी फिरून फिरून चक्रवाढ व्याजावरच यायची. हे नाव त्यांच्या कानावर आलं होतं आणि त्यांना ते मनातून आवडायचंही. शिकवायच्या झकास. मुलांना घरची विजेची बिलं आणायला लावत, जाहिरातीखालचं मुंगीएवढं अक्षर मोठ्याने वाचून घेत. एकदा एका मुलाने घरी गणित मांडून मोठ्या भावाची हप्त्यावरची मोटारसायकल अडवली. भाऊ भांडायला शाळेत आला. बाईंनी त्याच्यापुढे कागद-पेन्सिल ठेवली आणि तूच करून बघ म्हणाल्या. अर्ध्या तासाने तो खाली मान घालून, कागदाची घडी खिशात ठेवून निघून गेला. हा किस्सा बाई वर्षभर सांगत होत्या.

दहावीत एक मुलगी होती. तिच्या सगळ्या वह्या जाड पुठ्ठ्याच्या, कापडी कण्याच्या, म्हणून वर्गाने तिचं नाव 'पुठ्ठी' ठेवलं होतं. वडील बाइंडर. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं एका दाराचं दुकान होतं. कचेऱ्यांच्या नोंदवह्या, कॉलेजच्या मुलांचे प्रबंध, कोणाची पानं सुटलेली जुनी पुस्तकं, सगळं तिथे बांधून मिळे. शाळा सुटली की पुठ्ठी थेट दुकानात जायची, आणि रात्री बापलेक बरोबरच घरी यायची. तोवर ती छापील कागदांचे फर्मे दुमडायची, बाप ते शिवायचा.

त्या वर्षी शाळांचं प्रदर्शन होतं. एखाद्या छोट्या धंद्याचा नफा-तोटा मांडा, असा बाईंनी प्रकल्प दिला. बहुतेकांनी कोपऱ्यावरचा किराणा नाहीतर केस कापायचं दुकान धरलं आणि आकडे अंदाजपंचे ठोकले. पुठ्ठीने मात्र वडिलांच्या दुकानाचा सहा महिन्यांचा हिशेब आणला. भाडं, पुठ्ठा, कापड, दोरा, खळ, वीज, एक गोष्ट सोडली नव्हती. सगळं वजा जाता महिन्याला अकरा हजार उरत होते. खाली लाल शाईने तिने 'नफा' लिहून दोन रेघा ओढल्या होत्या.

बाईंनी शिक्षकांच्या खोलीत तिला शेजारी बसवून तो कागद वाचला. काम इतकं नेटकं होतं की बक्षीस आलंच असं त्यांना वाटलं. फक्त एक गोष्ट राहिली होती, आणि ती राहिलेली पकडली म्हणून त्या खूशही झाल्या.

"बाबांची मजुरी कुठे धरलीस?"

"बाबांची कशी धरणार, बाई? दुकान त्यांचंच आहे ना."

मग बाईंनी तिला समजावलं. माणूस स्वतःच्या दुकानात राबतो म्हणजे फुकट राबत नाही. तेच दहा तास त्याने दुसरीकडे दिले असते तर काय मिळालं असतं, ते खर्चातच धरायचं. त्यांनीच तिला वर्तमानपत्रातल्या नोकऱ्यांच्या जाहिराती काढून दिल्या. गावाबाहेरच्या गोदामात माल बांधणाऱ्यांवर देखरेख करणारा माणूस हवा होता, पगार अठरा हजार. पुठ्ठीने मजुरीचा नवा रकाना आखला, अठरा लिहिले आणि वजाबाकी केली. लाल शाईतला नफा खोडून तिथे सात हजारांचा तोटा लिहायची वेळ आली, तेव्हा तिचा हात थबकला.

"हे बाबांना दाखवायचं का?" तिने विचारलं.

"अगं, त्यांच्याच तर कामाचं आहे," बाई म्हणाल्या. "आकड्यांना काय घाबरायचं?"

प्रदर्शन शनिवारी सकाळी शाळेच्या सभागृहात होतं. पालकांना बोलावणं होतं. बाइंडर इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, नखांच्या कडांना खळ तेवढी वाळून बसली होती. लेक तक्त्यासमोर उभी राहून न अडखळता बोलली. दुकान का तोट्यात आहे, मालकाला तो का दिसत नाही, वर्षाला त्याचे किती पैसे होतात. परीक्षकांनी माना डोलावल्या, पहिलं बक्षीस जाहीर झालं, सगळ्यांत आधी बापानेच टाळ्या वाजवल्या. बाईंना त्या वेळी आभाळ ठेंगणं झालं होतं.

गर्दी पांगल्यावर तो त्यांच्यापाशी आला.

"बाई, पोरीने मांडलंय ते गणित बरोबर आहे ना?"

"अगदी बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "मी स्वतः तपासलंय."

तो जरा वेळ उभाच राहिला, कोणाची वाट पाहत असल्यासारखा. मुख्याध्यापकांनी फोटोसाठी हाक मारली तशी बाई तिकडे वळल्या. फोटो काढून झाल्यावर पाहिलं तर तो निघून गेला होता.

पुढे परीक्षांच्या धबडग्यात दोन-अडीच महिने गेले. ग्रंथालयातली काही पुस्तकं बांधायला द्यायची होती. बाईंना वाटलं आपणच नेऊन द्यावीत, तेवढीच बापाजवळ लेकीची तारीफ होईल. त्या गल्लीत पोचल्या तर दुकानाला कुलूप, आणि शटरवर चिकटवलेला कागद: दुकान बंद केले आहे, ज्यांच्या वह्या तयार आहेत त्यांनी घरून न्याव्यात. शेजारच्या शिंप्याने चष्म्यावरून पाहत सगळं सांगितलं. माणूस गोदामात लागला. कापायचं यंत्र एकाने पडत्या भावात नेलं. बांधलेल्या वह्या दाबून ठेवायचा लोखंडी दाब कोणी घेईना, तो भंगारवाल्याला वजनावर दिला. तो काट्यावर चढवताना बाइंडर आत जाऊन बसला होता, बाहेर आला नाही. शिंपी म्हणाला, भल्या माणसाला कोणी काय डोक्यात भरवलं कोण जाणे.

पुस्तकांची पिशवी तशीच घेऊन बाई परत फिरल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुठ्ठीला थांबवून घेतलं. मला का नाही सांगितलंस, असं विचारलं. मुलगी म्हणाली, सांगण्यासारखं काय होतं, पगार वेळेवर येतो, आई खूश आहे. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बाबा घरी येतात, जेवतात, झोपतात. मी काही विचारलं तर म्हणतात, छान चाललंय. पूर्वी दुकानात आम्ही किती बोलायचो, बाई. आता मला विषयच सुचत नाही."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं.

पुढचा आठवडा त्यांनी कसाबसा काढला. रविवारी सकाळी त्या घर शोधत गेल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. बाइंडरच्या बायकोने आनंदाने आत घेतलं, चहा टाकला, नवीन कपाट दाखवलं. तिच्या कृतज्ञ चेहऱ्याकडे बाईंना बघवेना. पुठ्ठी मैत्रिणीकडे गेली होती. बाइंडर पलंगाच्या कडेला बसला होता, दोन्ही हात मांडीवर ठेवून. नखं स्वच्छ होती.

बायको स्वयंपाकघरात वळली तेव्हा बाई म्हणाल्या, "मी माफी मागायला आलेय. तो मजुरीचा रकाना मी घालायला लावला. तिने आधी नफाच लिहिला होता."

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "खोडलेलं दिसत होतं की खालून."

"मग तुम्ही..."

"त्यात तुमचं चुकलं कुठे? अकरापेक्षा अठरा जास्तच. तिच्या कॉलेजची सोय होईल. मी अडाणी असलो तरी एवढं मला कळतं." तो हातांकडे बघत म्हणाला, "फक्त त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं, आठवतं? मला वाटलं होतं, तुम्ही म्हणाल, 'बरोबर आहे, पण...' पुढे काहीही म्हटलं असतंत तरी चाललं असतं. दुकान चालू ठेवायला मला तेवढं पुरलं असतं. तुम्ही नुसतं बरोबर आहे म्हणालात. पोरीसमोर मग मी काय बोलणार? तिला वाटलं असतं, बाप हट्टाने नुकसान करतोय."

वर्गात बाई दिवसातून पन्नास वेळा 'पण' म्हणत. त्या सकाळी, ज्याला हवा होता त्याच्यापुढे, तो त्यांच्या जिभेवर आला नव्हता, कारण परीक्षकांच्या डोलणाऱ्या मानांनी त्यांचं डोकं भरलं होतं. त्यांनी घाईघाईने सुचवून पाहिलं: यंत्र कोणी नेलं ते शोधू, शाळेचं काम मी मिळवून देते, पुन्हा सुरू करता येईल. तो समजुतीने हसला. जागा दुसऱ्याने घेतली, गिऱ्हाईक पांगलं, आणि या वयात दोनदा दुकान मांडायची उमेद राहत नाही, म्हणाला. चहा आला. तिघांनी तो हवापाण्याच्या गप्पा मारत प्यायला. निघताना तो जिन्यापर्यंत सोडायला आला आणि सांभाळून उतरा, तिसरी पायरी फुटली आहे, म्हणाला.

पुठ्ठी चांगल्या गुणांनी पास झाली. दाखला न्यायला आली तेव्हा बाईंनाही भेटली. कॉलेजला अर्थशास्त्र घेणार का, असं बाईंनी भीतभीतच विचारलं. घेणार आहे, ती म्हणाली, आवडतं मला. मग तिने प्रकल्पाची फाइल परत मागितली. बाईंनी ती नमुना म्हणून कपाटात ठेवली होती, पुढच्या वर्षीच्या मुलांना दाखवायला. त्यांनी ती काढून दिली.

"याची प्रत तर नाही ना ठेवली, बाई?"

"नाही."

"नका ठेवू," मुलगी म्हणाली. वाकून नमस्कार केला आणि गेली.

बाईंनी विषय सोडला नाही. मोटारसायकलीचा किस्सा त्यांनी सांगायचा बंद केला, त्याचं कारण कोणाला कळलं नाही. प्रकल्प अजूनही देतात. एखादं पोर घरच्या दुकानाचा हिशेब घेऊन येतं, त्यात आईचे नाहीतर बापाचे कष्ट कुठेच धरलेले नसतात, आणि ते दाखवून देणं हे त्यांचं काम असतं. त्या दाखवून देतात. मग पोराला विचारतात, हे काम करताना घरचं माणूस कसं दिसतं, कोणाशी बोलतं, काय गुणगुणतं. पोरं गोंधळतात. परीक्षेत हे येणार आहे का, म्हणून विचारतात. बाई नाही म्हणतात. पुढे काय सांगायचं ते अजून त्यांना नीटसं जमलेलं नाही. तास संपल्याची घंटा होते आणि मुलं दप्तरं आवरायला लागतात.